आजीचे अकरा डबे

दापोली तालुक्याला म्हातारपणाचं अप्रूप नाही. या तालुक्यातलं सगळ्यात मोठं नाव आहे महर्षी धोंडो केशव कर्वे, मुरुडचे. जन्म १८ एप्रिल १८५८, मृत्यू ९ नोव्हेंबर १९६२. वजाबाकी केली की १०४ वर्षं येतात. दुसरं नाव भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांचं. त्यांचं शालेय शिक्षण दापोलीत झालं. धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या त्यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९३० साली आला आणि शेवटचा १९६२ साली, म्हणजे वयाच्या ८२व्या वर्षी. आम्ही वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी दुपारी तीनला दुसरी कॉफी घेतल्याशिवाय स्क्रीनकडे बघू शकत नाही, तिथे ही माणसं ऐंशीनंतर तळटीपा तपासत होती.

कर्व्यांच्या बाबतीत आमच्याकडे हमखास निघणारा प्रश्न म्हणजे, ‘ते खात काय होते?’ त्यावर चार माणसं चार उत्तरं देतात. कुणी तांदळाची पेज म्हणतं, कुणी मोजकं जेवण म्हणतं, कुणी ‘तेव्हाचं अन्नच कसदार होतं’ असं म्हणून विषय संपवतं. गंमत अशी की कर्व्यांच्या आयुष्यातल्या नोंदलेल्या गोष्टींमध्ये खाण्यापेक्षा चालणं जास्त आहे. विशीच्या आत असताना परीक्षेसाठी ते मुरुडहून साताऱ्यापर्यंत, शंभराहून जास्त मैल, पायी गेले. आणि तिथे ते वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. पुढे हिंगण्याच्या आश्रमापासून फर्ग्युसन कॉलेजपर्यंत पायपीट. एकाहत्तराव्या वर्षी जगाचा प्रवास. ७८व्या वर्षी, १९३६ साली, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी नवी संस्था. ८६व्या वर्षी, १९४४ साली, समता संघ.

पण एका माणसावरून नियम काढता येत नाही, हे गणिताच्या प्राध्यापक कर्व्यांनीच आपल्याला पहिल्यांदा सांगितलं असतं. १९४१ ते १९५१ या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षं होतं. तीच पेज खाऊन, तेच रस्ते तुडवून चाळिशीत गेलेली हजारो माणसं त्याच गावांमध्ये होती. त्यांना कुणी विचारलं नाही काय खात होता म्हणून. आपण फक्त शंभरी गाठलेल्याला विचारतो, आणि मग त्याच्या ताटातला एक पदार्थ उचलून डब्यात भरतो.

डब्यांबद्दलच लिहायचं आहे.

*

माझी आजी ९१ वर्षांची आहे. दापोलीहून हर्णैकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव. जांभ्याचं घर, पुढे खळं, मागे परडं. तिथे ती काका-काकींबरोबर राहते. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करते आणि घरून काम करायची मुभा असली की महिन्यातला एक आठवडा गावी जाते. नेट पडवीच्या एका कोपऱ्यातच नीट येतं, त्यामुळे माझं ऑफिस म्हणजे आजीच्या खाटेपासून चार हातांवर.

दोनेक वर्षांपूर्वी आजी हळूहळू मंदावली. आधी दुपारची झोप संध्याकाळपर्यंत लांबली. मग परड्यात जाणं बंद झालं. चहा समोर ठेवला तर तो थंड होईपर्यंत तिचं लक्षच जायचं नाही. बोलताना शब्द अडकायचे. ‘डाव’ हा शब्द न सापडल्याने ती हाताने वाढायची खूण करायची. एकच प्रश्न तासात तीनदा. पाय बधिर झाल्यासारखे वाटतात, असं ती अधूनमधून म्हणायची, पण ९१ वर्षांच्या बाईने पायाची तक्रार केली तर घरात कुणी दचकत नाही.

बातमी कुटुंबाच्या ग्रुपवर गेली आणि कुटुंबाने आपल्या परीने उत्तर दिलं. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा पूर्वी बिस्किटांचे पुडे आणि फटाके यायचे. त्या वर्षी डबे आले. डोंबिवलीच्या आत्याने म्हाताऱ्यांसाठीची प्रोटीन पावडर आणि लोहाचं टॉनिक आणलं. दुबईच्या चुलतभावाने ओमेगा-३, जिन्कोच्या गोळ्या आणि कोएन्झाइम क्यू-१०. बाबांनी च्यवनप्राश आणि मल्टिव्हिटॅमिन. आतेभावाने ब्राह्मी आणि अश्वगंधा. शेजारच्या एकाने ‘मेंदूसाठी’ म्हणून एक कॅप्सूल सुचवली. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची गोळी घरात आधीपासून होतीच. मोजले तर अकरा. देवघराशेजारच्या फळीवर ते ओळीने लागले आणि आजी त्यांना ‘ह्ये पाहुणे’ म्हणायला लागली.

कामाच्या सवयीने मी त्यांची एक्सेल शीट केली. उभ्या रकान्यात डबे, आडव्या ओळीत घटक. तेव्हा दिसलं की ब-६ जीवनसत्त्व चार डब्यांत होतं आणि ड जीवनसत्त्व तीन डब्यांत. ब-६ जास्त प्रमाणात, बराच काळ घेतलं तर नसांना इजा होते, आणि तिची सुरुवात पायांच्या बधिरपणानेच होते. ड जीवनसत्त्व गरजेपेक्षा खूप जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. त्याची लक्षणं म्हणजे थकवा आणि गोंधळलेपण. जिन्कोने रक्त पातळ राहण्याकडे कल जातो आणि आजीला रोजची ॲस्पिरिन होती. च्यवनप्राशात साखर भरपूर असते आणि आजीला पंचवीस वर्षांचा मधुमेह आहे. एकेक डबा घेतला तर निरुपद्रवी वाटत होता. सगळे एकत्र एकाच ४२ किलोच्या बाईच्या पोटात जाणार होते, हे कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नव्हतं.

डब्यांवर एक ओळ मात्र होती, अगदी बारीक अक्षरांत: हे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. भारतात अशा पूरक पदार्थांचे नियम २०१६ साली अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली झाले. म्हणजे कायद्याच्या नजरेत हे अन्न आहे, औषध नाही. औषधाला ‘या आजारावर उपयोग होतो’ हे सिद्ध करून दाखवावं लागतं. अन्नाला तेवढं करावं लागत नाही. पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत तरतरी, स्मरणशक्ती, उत्साह. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत ही ओळ. आजीच्या वयाचं कुणीही भिंग घेतल्याशिवाय ती वाचू शकणार नाही.

*

मग प्रश्न असा की या सगळ्यात खरं काही आहे की नाही? मी जितकं वाचलं त्यातून एक गोष्ट पक्की झाली. पूरक पदार्थ चमत्कार करतात, पण एकाच परिस्थितीत: तो पदार्थ शरीरात खरोखर कमी असेल तर.

याचा एक जुना आणि फार सुंदर पुरावा मुंबईचा आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणगावातल्या गरोदर बायकांना एक विचित्र रक्तक्षय व्हायचा, त्यात अनेक जणी दगावायच्या. विल्सने परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना त्यांचा आहार आणि रक्त तपासलं. शेवटी तिला उत्तर सापडलं ते यीस्टच्या एका स्वस्त, काळ्या, खारट अर्कात. तो दिला की रक्त भरायला लागायचं. त्यातला नेमका घटक तेव्हा माहीत नव्हता, म्हणून त्याला कितीतरी वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. आज आपण त्याला फोलेट म्हणतो. फॉलिक ॲसिडची गोळी प्रत्येक गरोदर बाईला मिळते ती या कामाच्या पुण्याईने. रत्नागिरी जिल्ह्यातली किती घरं तेव्हा त्या गिरण्यांवर जगत होती, हे दापोलीत कुणाला सांगायला नको.

पण तोच अर्क, ज्याच्या शरीरात फोलेट भरपूर आहे त्याला दिला तर काही होत नाही. रिकाम्या टाकीत पाणी सोडलं तर नळ वाहतो. भरलेल्या टाकीत सोडलं तर अंगण वाहतं.

जिन्कोचंच बघा. अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ३०६९ माणसांना सरासरी सहा वर्षं दिवसातून दोनदा जिन्को किंवा तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. २००८ साली निकाल आला: स्मृतिभ्रंश होण्याच्या प्रमाणात फरक नाही. उलट बाजूचाही पुरावा आहे, तोही सांगायला हवा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६५च्या पुढच्या २२६२ जणांमध्ये, रोजची साधी मल्टिव्हिटॅमिनची गोळी तीन वर्षं घेणाऱ्यांची आकलनशक्ती थोडी बरी राहिली. थोडी. त्यांचं सरासरी वय ७३ होतं. आजीपेक्षा ते जवळजवळ दोन दशकांनी तरुण.

सगळ्यात जास्त मला थांबवलं ते १९९४ सालच्या एका अभ्यासाने. बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातली शंभर माणसं, सरासरी वय ८७. त्यांचे चार गट केले. एकाला पायांचे वजन उचलायचे व्यायाम, एकाला रोज पौष्टिक पेय, एकाला दोन्ही, एकाला काहीच नाही. दहा आठवड्यांनी मोजलं. व्यायाम करणाऱ्यांच्या स्नायूंची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली होती. न करणाऱ्यांची ३ टक्क्यांनी. नुसतं पौष्टिक पेय प्यायलेल्यांच्या अशक्तपणात काहीही फरक नव्हता. ८७ वर्षांच्या, काठी घेऊन चालणाऱ्या माणसांची ताकद दुप्पट होऊ शकते, आणि ती डब्यातून येत नाही, हे मी जन्मले त्याच्याही आधीपासून छापून पडलेलं आहे.

*

आमच्या डॉक्टरबाई दापोलीतच असतात. त्यांनी फोनवरच सांगितलं, “जे जे पोटात जातं ते सगळं एका पिशवीत घालून आणा. झंडू बामसुद्धा.” काकीने बाजाराची मोठी पिशवी भरली. अकरा डबे, शिवाय साखरेची गोळी, रक्तदाबाची, ॲसिडिटीची, ॲस्पिरिन, आणि खोकल्याचं एक औषध जे आजी ‘झोप चांगली लागते’ म्हणून गेले कित्येक महिने रोज रात्री घेत होती.

डॉक्टरबाईंनी डब्यांकडे शेवटी पाहिलं. आधी आजीकडे. पहिला प्रश्न मला आजही आठवतो, कारण तो आमच्यापैकी कुणीच विचारला नव्हता: “आजी, थकवा येतो की झोप येते की कंटाळा येतो?”

आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “तिन्ही. पन येका टायमाला नाय.”

मग रक्ताच्या तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन १०.६. सोडियम १३१, जे १३५च्या वर असायला हवं. थायरॉइड ठीक. ड जीवनसत्त्व ठीक. ब-१२ मात्र १२८. प्रयोगशाळेची खालची मर्यादा साधारण २०० असते.

काकी चकित झाली. ब-१२ कमी असणं हा शाकाहारी माणसांचा आजार, असं आपण ऐकलेलं असतं, आणि ते पुष्कळसं खरंही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि आसपासच्या ४४१ धडधाकट, मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं तेव्हा ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. पण आमचं घर मासे खाणारं. हर्णैच्या लिलावातला मासा संध्याकाळी आमच्या कालवणात असतो. मग आजीचं ब-१२ गेलं कुठे?

डॉक्टरबाईंनी कागदाच्या मागे पोटाचं चित्र काढून समजावलं. अन्नातलं ब-१२ प्रथिनांना घट्ट चिकटलेलं असतं. पोटातलं आम्ल ते सोडवतं. मग जठरात तयार होणारा एक वाहक त्याला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेतो, आणि तिथेच ते शोषलं जातं. म्हातारपणी आम्ल कमी होतं, त्यात ॲसिडिटीची गोळी रोज घेतली की आणखी कमी. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की शोषण मंदावतं. आणि दात गेल्यापासून आजी मासा खातच नव्हती, नुसतं कालवण भातावर घेत होती. ही गोष्ट काकीला माहीत होती, आम्हाला कुणाला नाही. यकृतात ब-१२चा काही वर्षांचा साठा असतो, म्हणून तुटवडा पटकन दिसत नाही. दिसतो तेव्हा थकवा, बधिर पाय, विसराळूपणा अशा रूपात दिसतो, आणि आपण त्याला ‘वय झालं’ म्हणतो.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मी शीटमध्ये लाल रंगाने लिहून ठेवली. लोहाच्या टॉनिकमध्ये फॉलिक ॲसिड होतं. ब-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. म्हणजे रिपोर्ट हिरवा आणि माणूस लाल. आमच्या क्षेत्रात अशा प्रकाराला फार वाईट शब्द आहेत.

ब-१२ बद्दल माझ्या धंद्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. या रेणूची रचना इतकी गुंतागुंतीची की ती हाताने सोडवणं अशक्य होतं. डोरोथी हॉजकिनने क्ष-किरणांची छायाचित्रं घेतली आणि त्यांची आकडेमोड लॉस एंजेलिसमधल्या एका सुरुवातीच्या काळातल्या संगणकावर झाली. १९५६ साली रचना पूर्ण कळली, १९६४ साली तिला नोबेल मिळालं. जगात संगणक फार थोडे होते तेव्हा त्यातला एक आजीच्या इंजेक्शनसाठी राबत होता.

*

त्या दिवशी पिशवीतून जेवढं घरी परत आलं त्यापेक्षा जास्त तिथेच राहिलं. खोकल्याचं औषध बंद. त्यातल्या झोप आणणाऱ्या घटकाने म्हाताऱ्या मेंदूत धुकं येतं. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक होता, तो सोडियम खाली नेत होता, म्हणून गोळी बदलली. साखरेची गोळी अर्धी केली. “९१व्या वर्षी साखर थोडी जास्त राहिलेली चालेल, एकदम खाली गेलेली चालणार नाही,” असं त्या म्हणाल्या. ॲसिडिटीची गोळी हळूहळू कमी करायची. ब-१२ची इंजेक्शनं सुरू, पुढे जास्त मात्रेची गोळी. ती आम्लाच्या मदतीशिवायही थोडी शोषली जाते आणि मात्रा मोठी असल्याने तेवढं पुरतं. अकरा डब्यांपैकी दोन राहिले: ड जीवनसत्त्वासह कॅल्शियम आणि आत्याची प्रोटीन पावडर.

मग त्यांनी आजीच्या कानात बॅटरीने पाहिलं. दोन्ही कानांत मळ गच्च. तो काढल्यावर आणि पुढे चिपळूणला श्रवणचाचणी झाल्यावर कळलं की तासात तीनदा विचारला जाणारा तो एक प्रश्न विसरल्यामुळे नव्हता. आमचं उत्तरच तिला ऐकू येत नव्हतं. २०२४ साली लॅन्सेटच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणं सांगितली, त्यात ऐकू न येणं आणि न दिसणं दोन्ही आहेत. त्या यादीत ‘मेंदूसाठीची कॅप्सूल न घेणं’ हे कारण नाही. आजी आता श्रवणयंत्र वापरते, पण फक्त मासेवाली येते तेव्हा. भावात फसायचं नाही म्हणून.

जेवणाचा हिशोब मी घातला. तज्ज्ञ म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ते १.२ ग्रॅम प्रथिनं सांगतात, म्हणजे आजीला रोज निदान ४२ ते ५०. प्रत्यक्षात दोन चहा, चार बिस्किटं, वाटीभर पेज आणि दोन वेळचा चिमणीएवढा वरणभात मिळून जेमतेम २० होत होती. शहरातून आलेली पावडर चमचाभर पाण्यात कालवून दिली की आजी तोंड फिरवायची. काकीने ती नाचणीच्या आंबिलीत घातली आणि प्रश्न मिटला. नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. प्रथिनं मात्र बेताची, म्हणून ही जोडी बरी जमली. शिवाय रोज एक उकडलेलं अंडं कुस्करून, वाटीभर दही, कुळथाचं पिठलं, आणि काटा काढून मऊ केलेला ताजा मासा. बोंबलाला दात लागत नाहीत, हे काकीला आधीच माहीत होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं इतकंच.

आणि व्यायाम. बॉस्टनची यंत्रं दापोलीत कुठून आणायची? डॉक्टरबाईंनी लाकडी खुर्ची दाखवली. हात न टेकता उठायचं, बसायचं. पहिल्या दिवशी आजीला एकदाही जमलं नाही. हात टेकून दोनदा जमलं. मी पडवीतून मीटिंग संपवून आले की आम्ही दोघी उठाबशा काढायचो. तिच्या पाच, माझ्या वीस.

“शाळंत मास्तर काडायला लावायचा, आता नात,” ती म्हणायची.

*

तीन महिन्यांनी काय झालं ते जसंच्या तसं सांगते, कारण अशा गोष्टींचे शेवट फार गोड सांगितले जातात. पायांचा बधिरपणा कमी झाला, गेला नाही. हिमोग्लोबिन अकराच्या वर आलं. दुपारची झोप तासाभरावर आली. ‘डाव’ हा शब्द परत आला. हात टेकून सात वेळा, न टेकता दोनदा उठता येतं. ती काठी घेऊन परड्यापर्यंत जाते आणि नारळ मोजून येते. पतवंडांची नावं मात्र अजून सरमिसळ होतात, गेल्या आठवड्यात तिने मला माझ्या आत्याच्या नावाने दोनदा हाक मारली. काही दिवशी ती दहा वाजताच थकते आणि त्या थकव्याला कुठल्याही तपासणीत आकडा नाही. आणि एकाच वेळी इतक्या गोष्टी बदलल्या की नेमका कशाचा गुण आला हे मला सांगता येणार नाही. इंजिनिअर म्हणून ते खटकतं. नात म्हणून चालतं.

खरा पेच औषधांचा नव्हता. नऊ डबे बंद झाल्याचं ग्रुपवर लिहिलं तेव्हा दोन दिवस कुणी काही बोललं नाही. मग आत्याचा फोन आला. “म्हणजे आम्ही पाठवलं ते विषच होतं म्हण!” तिचा आवाज भरून आला होता. तिची पावडर तर आम्ही ठेवली होती. टॉनिक परत गेलं होतं. पण तिला टोचलं ते वेगळंच होतं. डोंबिवलीहून दापोलीला रात्रीच्या एसटीने यायला तिचे गुडघे साथ देत नाहीत, नवरा आजारी, सुनेची नोकरी. डबा हेच तिचं येणं होतं. चुलतभावाचंही तेच, बाबांचंही तेच. लांब राहणाऱ्या माणसाचं प्रेम कुरियरने जातं, आणि कुरियरने जाण्यासारखी वस्तू बनवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. त्या सोनेरी अक्षरांचा वाचक आजी कधीच नव्हती. ती अक्षरं आमच्यासाठी होती.

काकीने एकच वाक्य सांगितलं, भाकरी थापता थापता: “डबा आला की मला एक चमचा वाढतो गं. माणूस आलं की एक कमी होतो.”

मी ते वाक्य ग्रुपवर टाकलं, काकीला विचारून. त्यावर भांडण झालं नाही, वेळापत्रक झालं. आत्या मे महिन्यात पंधरा दिवस राहून गेली, येताना मुंबईहून रेल्वेने खेडपर्यंत आणि पुढे रिक्षाने. चुलतभाऊ रोज संध्याकाळी साडेसहाला व्हिडिओ कॉल करतो आणि समोर बसून आजीच्या उठाबशा मोजतो. तो मोजताना एक चुकवतो, आजी पकडते. जिन्कोच्या पैशात काकीच्या मदतीला आठवड्यातून तीन दिवस एक बाई येतात. बाबा औषधांची यादी बघतात: दर तीन महिन्यांनी काय चालू, काय बंद, का.

आजीला यातलं काय हवं होतं, हे विचारायचं आम्हाला सगळ्यात शेवटी सुचलं. मी विचारलं, तरतरी आल्यासारखं वाटतं का.

“तरतरी कशाला? परीक्षा हाय काय मना?” ती म्हणाली. “परड्यात जाता आला, बास झाला.”

आम्ही तिची स्मरणशक्ती मोजत होतो. तिला परडं हवं होतं. दोन्ही गोष्टी आड येत नाहीत, पण क्रम महत्त्वाचा आहे. ९१व्या वर्षी शरीराला सगळं परत मिळत नाही, म्हणून आधी काय परत मिळवायचं हे त्या शरीरात राहणाऱ्या माणसाने ठरवायला हवं.

तुमच्या घरीही कुणीतरी ऐंशीच्या किंवा नव्वदीच्या पुढचं असेल आणि फळीवर डबे असतील. मी डॉक्टर नाही, म्हणून आमच्या आजीची यादी उचलू नका; तिचं ब-१२ तुमच्या आजोबांचं सोडियम असू शकतं. पण पिशवीची युक्ती कुणालाही करता येते. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा घरातली सगळी औषधं, चूर्णं, टॉनिकं, डबे एका पिशवीत भरा आणि जवळच्या डॉक्टरांसमोर टेबलावर ओता. ती व्यक्ती दिवसभरात खरोखर काय खाते, हे जो वाढतो त्याला विचारा, जो पैसे पाठवतो त्याला नाही. कानात बघायला सांगा. खुर्चीतून उठता येतं का बघा. आणि पिशवी भरायच्या आधी, थोडं मोठ्याने, त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूने विचारा की त्यांना कुठपर्यंत चालत जायचं आहे.